कोमट हवा

सकाळी उन्हात बसायला दार उघडलं, की बाबांना खोकल्याची उबळ येते. थंड हवेचा एवढासा झोतही त्यांच्या सुजलेल्या श्वासनलिकेला सोसत नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे कान बांधायचे. मीही रोज मफलरने त्यांचे कानच बांधत होते.

"अहो, थंडी नाकातोंडातून आत जाते," डॉक्टर म्हणाले.

आज नाकावरून मफलर घेतला, तर बाबांनी तो ओढून काढला. "गुदमरतंय गं!" आणि लगेच उबळ.

पाणी कोमट करून देता येतं, भात मऊ करून देता येतो. हवा कशी देऊ? शेवटी त्यांच्या तोंडापुढे ओंजळ धरली. त्यांचा ऊबदार श्वास हातात आला आणि बोटांच्या फटींतून निघून गेला.