काचेआडच्या बाईचा जबाब

"मेलेल्या बाईला दुसरीचा गळा लावलाय यांनी. हे असंच लिहून घ्या."

ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी कुणीतरी म्हातारा बोलत होता. मी आतल्या खोलीत केस डायरी पूर्ण करत बसले होते. अंमलदार त्याला समजावत होता, "आजोबा, गळा चोरीला गेल्याचं कलम नाही आमच्याकडे." पुढे हसण्याचा आवाज आला. म्हातारा हसला नाही. म्हणून मी उठून बाहेर गेले.

पोलीस खात्यात मी मोजकीच वर्षं काढली. गस्तीची जीप उलटली, कंबर गेली, आणि एकतिसाव्या वर्षी वैद्यकीय कारणावरून मी निवृत्त झाले. त्या वर्षांत खुनाचे तपासही हाताखालून गेले. पण कुणी आठवणी विचारल्या, की मला तो म्हातारा आठवतो. साधा तक्रार अर्ज होता, रत्नागिरी शहरातला. यात कुणाचंही नाव देत नाही.

म्हातारा ऐंशीच्या घरातला, तरुणपणी मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याच बँडमधला गिटारवादकही रत्नागिरीचाच. पन्नासेक वर्षांपूर्वी या मंडळींनी एका स्टुडिओत एक इंग्रजी गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. सोल नावाचा प्रकार, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यांतून आलेला. ते कधी प्रसिद्ध झालं नाही. टेपच्या खोक्यावर वादकांची नावं होती, गायिकेची जागा मोकळी. गिटारवादक वारल्यावर त्याच्या मुलाला ती टेप सापडली. त्याने ती परदेशातल्या एका रेकॉर्ड कंपनीला पाठवली आणि तिथं सगळे वेडे झाले. ही बाई कोण, असं कंपनीने विचारलं. मुलाने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं: गायिका म्हणजे माझी दिवंगत आई. सोबत दोन साक्षीदार. महिनाभरात रेकॉर्ड छापली जाणार होती.

"त्याची आई चांगली होती," म्हातारा म्हणाला. "तिच्या हातचं जेवलोय मी. पण तिला सूर नव्हता."

"मग गायलं कोण?"

"तेच तुम्ही शोधायचं. ती काचेच्या खोलीत, मी इकडे ड्रमच्या मागे. पाठ दिसली फक्त. काष्टा घातलेली बाई होती."

नऊवारीतली बाई आणि इंग्रजी सोल. मी मान डोलावली, आणि जबाब लिहिताना ते वाक्य गाळलं. म्हाताऱ्याची गफलत होत असेल, असं मला वाटलं. ही माझी चूक मी आधीच सांगून टाकते.

आमच्या साहेबांनी आठ दिवस दिले. "प्रतिज्ञापत्र खोटं असेल तर पुढचं बघू. नसेल तर अर्ज निकाली काढा."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. कॉलेजात असली गाणी कानात घालून ऐकत असे. घरी कुणाला त्यातलं माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नाही. त्यामुळे हा अर्ज माझ्याकडे आला याचा मला आतून आनंद झाला होता. गाणं सव्वातीन मिनिटांचं. मी इअरफोन लावून ते किती वेळा ऐकलं असेल! घर सोडून गेलेल्या माणसाला एक बाई परत बोलावते आहे, रागावून आणि विनवून. आवाज जाडसर, शेवटी एक सूर इतका लांब धरलेला की ऐकणाऱ्याचा श्वास कोंडावा.

इंग्रजी गाणारी म्हणजे इंग्रजी शिकलेली, असा माझा हिशेब. दोन दिवस मी त्याच दिशेने फोन केले. मुंबईच्या कॉन्व्हेंटमधल्या जुन्या विद्यार्थिनी, हॉटेलांत गायलेल्या बायका, चर्चच्या गायकवृंदातल्या आजीबाई. एकीने सगळं गाणं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाळ, अशी गाणारी आमच्यात असती तर आम्ही तिला पुढे येऊच दिलं नसतं." हसून म्हणाली, पण खरं बोलली.

तिसऱ्या दिवशी साक्षीदारांना बोलावलं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खोलीत. पहिला म्हणाला, "वहिनींचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलाय, त्यात शंकेला जागा नाही." दुसरा दीड तासाने आला आणि म्हणाला, "वहिनींचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलाय, त्यात शंकेला जागा नाही."

तो गेल्यावर आमचे हवालदार कागद बघत म्हणाले, "दोघांकडे पण जागा नाही? आमच्या भावकीत वाटणीला बसले तरी इतकं एकमत होत नाही, मॅडम."

खरं बोलणारी दोन माणसं एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. एक वेळ चुकवतो, दुसरा रंग. शब्दाला शब्द जुळला, की समजावं तो कुणीतरी पढवलेला आहे.

मग गिटारवादकाच्या मुलाला बोलावलं. पन्नाशीला टेकलेला, आंब्याची बाग असलेला, गावात मान असलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून आला. चौकशीत आवाज चढवणं मला कधी जमलं नाही. मी प्रश्न विचारते आणि गप्प बसते. गप्प बसलेल्या बाईसमोर माणसं फार वेळ तग धरत नाहीत, हे मला नोकरीत कळलं. मी त्याला एकच विचारलं, "आई घरी कधी काय गायच्या?"

त्याने पाण्याचा ग्लास सरकवला. परत जागेवर ठेवला.

"बाबा रविवारी दार लावून ती टेप लावायचे," तो शेवटी म्हणाला. "आई बाहेर तांदूळ निवडत बसलेली असायची. मी सात-आठ वर्षांचा असेन. विचारलं, आत कोण गातंय? ती म्हणाली, मीच. अगदी सहज म्हणाली. मला खरं वाटलं. शाळेत सांगितलं मी सगळ्यांना."

"मग?"

"मग मोठा झालो, मॅडम." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तिनं आयुष्यात काही मागितलं नाही. ते एक गाणं तेवढं आपलं म्हणाली. मला वाटलं, देऊन टाकू. खरी बाई कोण ते बाबांनीही कधी सांगितलं नाही. जिचं कुणालाच ठाऊक नाही, तिचं काय जाणार होतं?"

मी ते सगळं लिहून घेतलं. प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं होतं आणि अर्ज निकाली काढता आला असता. पण त्याचा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ती जिवंत असेल तर? रेकॉर्डवर 'अज्ञात' छापून झालं असतं, तर तिचं काय जाणार होतं ते कुणी मोजलंच नसतं. मी साहेबांकडून उरलेले चार दिवस मागून घेतले.

त्या दुपारी मी पुन्हा इअरफोन लावून बसले होते. हवालदार समोर समन्सांची नोंद करत होते.

"मॅडम, कानात एकटंच किती ऐकाल? मुद्देमाल सगळ्यांचा असतो."

मला संकोच वाटला. तरी वायर काढली. गाणं खोलीत वाजू लागलं. ते खाली मान घालून लिहीत राहिले. इंग्रजी शब्दांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शेवटचा लांब सूर आला आणि त्यांचं पेन थांबलं.

"परत लावा. शेवट फक्त."

मी लावला.

"ही आमच्याकडची बाई."

"म्हणजे?"

"हेदवीच्या पलीकडे माझं गाव. गणपतीत घरोघर आरत्या करत फिरतो ना आम्ही? एका आरतीत सगळे मिळून एकच सूर धरतात. कोण शेवटपर्यंत टिकतो त्याची चुरस. आता बघा, आमच्या वाडीत दम संपला की सूर सोडतात. शेजारच्या वाडीतले सोडत नाहीत. संपता संपता एक झटका देऊन खाली घेतात आणि परत वर उचलतात. आम्ही चिडवतो त्यांना, बैल उठवताय काय म्हणून. पुन्हा ऐका, हिनं तेच केलंय. शिकवून येत नाही हो हे. लहानपणापासून त्या गर्दीत उभं राहावं लागतं."

मी जो सूर अमेरिकेचा समजून दोन दिवस ऐकत होते, तो जयगडच्या खाडीपलीकडचा होता.

संध्याकाळीच मी ड्रमवाल्या आजोबांकडे पुरवणी जबाबासाठी गेले. "काष्टा घातलेली बाई, असं तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. तुम्ही लिहिलं नाहीत. मी बघत होतो तुमच्या पेनाकडे."

मी माफी मागितली आणि लिहिलं. मग विचारलं, तेव्हा तुम्ही मंडळी जेवायला कुठे होता? गिरगावात एका खानावळीत. कोण चालवायचं? कोकणातलीच माणसं. भाकऱ्या करायला गावाकडच्या बायका असायच्या. गिटारवाला तिथं ताटावर तासन् तास बसून राहायचा.

हवालदारांनी गावाकडे दोन फोन केले. शेजारच्या वाडीतून लग्नानंतर मुंबईला खानावळीत राबलेली, आता पंच्याहत्तरी गाठलेली, अशी एकच बाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयगडला फेरीबोटीत जीप घातली आणि तवसाळला उतरलो. स्टेशन डायरीत नोंद करून निघालो होतो. महिलेचा जबाब तिच्या घरी, महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, हा नियम.

अंगणात एक किडकिडीत म्हातारी कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिचा मुलगा, वाडीतला दुकानदार, आम्हाला बघून धावतच आला. मी येण्याचं कारण सांगितलं. म्हातारीने हात थांबवला नाही.

"मी नाय गो बाय. मला कुठला इंग्लिश येतो?"

"बघा," मुलगा म्हणाला. "आई खानावळीत होती हेच आम्ही कुणाला सांगत नाही. त्यात हे बापये आणि बँडबाजा. 'माहीत नाही' असं लिहा आणि जा. चहा घेऊन जा."

हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, जबरदस्ती नाही करता येत."

जबरदस्ती करायची नव्हतीच. मी फोन पायरीवर ठेवला आणि गाणं लावलं. म्हातारी सोलं पसरतच राहिली, एकेक, बोटाने सरळ करून. गाणं संपलं.

"मधी एका जाग्यावर दम चोरलाय मी," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्याला. पोटुशी होते ना, दम पुरेना."

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. थोरला तोच होता.

"आये, तू..."

"आईंशी मला एकटीला बोलायचंय," मी म्हणाले. "जबाब त्यांचा आहे. तुम्ही अंगणाबाहेर थांबा." माझा आवाज जरा चढला असावा, कारण हवालदारांनी वळून बघितलं. मुलगा गेला.

मग ती तासभर बोलली. गिटारवाला भाकऱ्या खाता खाता गुणगुणायचा, ती तव्यापाशी बसून चाल उचलायची. ठरलेली गायिका त्या दिवशी आली नाही, तेव्हा तो रिकाम्या हाताने खानावळीत आला आणि म्हणाला, वहिनी, दोन तास द्या. परातीतलं पीठ तसंच झाकून ती गेली. महिन्याभरात नवऱ्याने गावी परत आणलं. ते गाणं पुढे तिने कुणासमोर म्हटलं नाही. नवऱ्यासमोर नाही, मुलासमोर नाही.

"का नाही सांगितलंत कुणाला?"

"कोणी विचारलान?"

पुढचं थोडक्यात. बागवाल्याने आधीचं प्रतिज्ञापत्र मागे घेतलं आणि नवं, खरं करून दिलं. साहेबांनी त्याला समज देऊन सोडलं. त्याने म्हातारीसाठी आंब्याची पेटी पाठवली, तिने ठेवून घेतली. या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारतं तेव्हा मी एवढंच सांगते: माझ्या माहितीतलं जग मी तपासात घेऊन गेले आणि दोन दिवस त्यातच गोल फिरले. साक्षीदार खरं सांगत होता, पण ते माझ्या जगात बसत नव्हतं, म्हणून माझ्या हातून ते कागदावर आलं नाही. तपास बिघडायला लाचखाऊ माणूसच लागतो असं नाही, आपल्या मनाने एक वाक्य गाळणारा प्रामाणिक माणूसही पुरतो.

अंगणातलं एवढं सांगायचं राहिलं. गुन्ह्याच्या तपासात जबाबावर सही घेत नाहीत, पण ही नुसती अर्जाची चौकशी होती, त्यामुळे जबाब वाचून दाखवून सही घ्यायची होती. एरवी हे वाचनाचं काम मी हवालदारांवर सोपवायची. चारचौघांत मोठ्याने मराठी वाचायची मला लाज वाटायची. ते पुढे झाले, तर म्हातारी म्हणाली, "तुझ्याकडं बोललंय, तू वाच. आणि असं पुटपुटू नको. माझा पोरगा तिकडं गडग्यापाशी उभा हाय. त्याला जाऊ दे ऐकू."

अंगणाच्या दगडी गडग्यापाशी मुलगा होताच. शेजारच्या तीन बायका आणि घरची सून पण होती. मी उभी राहिले आणि वाचायला लागले. वय, राहणार, खानावळ, स्टुडिओ. 'सदर गाण्यातील आवाज माझाच आहे.' 'गाणे मी पाठ करून म्हटलेले नाही, अर्थ विचारून घेतला होता.' हे दुसरं वाक्य तिने मुद्दाम घालायला लावलं होतं. बायकांपैकी कुणीतरी "अगो बाय" म्हणालं. मी शेवटच्या ओळीवर आले. 'रेकॉर्डवर माझे नाव छापण्यास माझी हरकत नाही.'

"हे काय लिवलंस?" म्हातारी म्हणाली. "हरकत कशाला असंल? मी असं बोलले काय?"

ती असं बोलली नव्हती. आमच्या खात्यात तसं लिहायची सवय असते, म्हणून माझ्या हाताने लिहिलं होतं. मी ती ओळ खोडली, शेजारी आद्याक्षरं केली, ती बोलली होती ते शब्द वर लिहिले. मग गडग्याकडे तोंड करून, हवालदारांनी नंतर सांगितलं की खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं इतक्या मोठ्याने, वाचलं:

"माझे नाव छापायलाच हवे."