भार नसलेले खांब

आमच्या सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि डायनिंगच्या मध्ये दोन ग्रीक खांब आहेत. नवऱ्याची हौस. फ्लॅट घेतला तेव्हा काँट्रॅक्टरने तीन प्रकार दाखवले होते. साधा, जाडजूड डोरिक, माथ्यावर दोन्हीकडे गुंडाळी असलेला आयोनिक आणि पानापानांनी भरलेला कोरिंथियन. मी म्हटलं, डोरिक घेऊ, पुसायला सोपा. त्यांनी नेमका कोरिंथियन घेतला, तोही फायबरचा, आतून पोकळ. ते जुरोंग आयलंडला, रिफायनऱ्यांच्या बेटावर, इंजिनियर होते. "दिवसभर भार घेणारेच खांब बघतो," ते म्हणाले, "घरी एक जोडी तरी मोकळी असू दे." त्या पानांतली धूळ मात्र मी ब्रश घेऊन काढत बसायची.

संध्याकाळी कंपनीच्या बसने आले की डाव्या खांबावर हात टेकवून बूट काढायचे. तिथला रंग काळवंडला होता. मी रोज कटकट करायची. मग एक दिवस ते साइटवरच कोसळले आणि बस त्यांच्याशिवाय आली.

त्यानंतरही ते येत राहिले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, देवाचंसुद्धा जेवढ्यास तेवढंच करते. पण बसच्या वेळेला स्वयंपाकघरातून बघावं तर खांबाशी ते वाकलेले. बूट काढून होईपर्यंत असत, मग नसत. मला भीती वाटली नाही, उलट त्या वेळेची मी वाट बघायला लागले. एकदा सवयीने म्हणूनही गेले, "हात लावू नका हो, डाग पडतात." मुलगी खोलीतून बाहेर आली, कुणाशी बोलतेस म्हणून. मी फोनवर ढकललं.

त्यामुळे लग्न ठरल्यावर ती इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आई, हे पिलर्स काढूया. फार हेवी दिसतात, लाह," तेव्हा माझी नजर आधी डाव्या खांबाकडे गेली. लग्नानंतर ती दोघं माझ्याजवळच राहणार होती, म्हणजे तिचं म्हणणं रास्तच होतं. "लग्न होऊ दे, मग बघू," एवढंच म्हणाले.

पुढे मुहूर्तमेढीचा प्रश्न आला. कॉन्डोत खड्डा कुठे खणणार? इथे लोक कुंडीत काठी रोवतात. मी म्हटलं, घरात खांब असताना कुंडी कशाला? गुरुजींनी जरा डोकं खाजवलं, पण हो म्हणाले. डाव्या खांबाला आंब्याचा डहाळा बांधला, हळदकुंकू वाहिलं, देवांना बोलावलं. मला मनातून फार बरं वाटलं. मुलीच्या लग्नात बाप मांडवाचा खांब धरून उभा राहणार होता.

लग्न छान झालं. दुसऱ्या दिवशी गुरुजी मेढ सोडवायला आले. "काकू, अक्षता टाका आणि म्हणा, आता आपापल्या स्थानी जावं." बोलावलेल्यांना निरोप द्यायचाच असतो. मी त्यांच्या मागून म्हटलं, खांबावर अक्षता टाकल्या, वाकून नमस्कार केला. डहाळा सोडला. तेव्हा काहीच लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी बसची वेळ झाली. मी ओट्याशी उभी राहून बघत होते. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग कधीच नाही.

पुढे एकदा मुलगी शेजारी येऊन बसली. "आई, तुला आवडतात ना, मग राहू देत पिलर्स. बाबांची आठवण." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिच्या बाबांना मी स्वतःच्या तोंडाने जा म्हणाले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं होतं.