सालूच्या डोक्यापायी

भुईगावच्या आल्बर्ट तुस्कानोला अख्खी शाळा ‘गोल सर’ म्हणायची, आणि त्यात टिंगलीपेक्षा कौतुकच जास्त होतं. हा चित्रकलेचा मास्तर फळ्यावर खडू टेकवायचा आणि एका दमात असं वर्तुळ काढायचा की मागच्या बाकावरची वांड पोरंही टाळ्या पिटायची. पण असल्या नजरेचा माणूस घरात असणं म्हणजे काय ताप असतो, ते त्याच्या बायकोला विचारा. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी याला घास उतरत नसे. भाकरी पुढ्यात आली की म्हणायचा, “ज्युली, ही उजवीकडून जरा सुटलीय गं.”

“चौकोनी थापून देऊ का?” ज्युली विचारायची, आणि सर मुकाट्याने जेवायचे.

अशा माणसाच्या घरी, बरीच वर्षं वाट बघून, चर्चमध्ये नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना करकरून, अठ्ठ्याण्णव साली मुलगी झाली. पणजीच्या नावावरून तिचं नाव ठेवलं सालोमी, आणि घरात ती झाली सालू. गोरीपान, हसरी, भूक लागली की सगळी वाडी जागी करणारी. एके सकाळी न्हाऊ घातल्यावर आल्बर्ट तिचं डोकं पुसत होता आणि त्याचा हात तिथल्या तिथे थांबला. मागून उजवी बाजू बसलेली होती. सपाट!

“आय, जरा इकडे ये,” त्याने आईला हाक मारली. “हिचं डोकं बघ.”

त्याची आई लूर्डस म्हणजे खणखणीत बाई. नऊवारी नेसून रोज पहाटे चर्चमध्ये मिस्साला चालत जाणारी. तिने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “कोवळं डोकं ते. मोहरीची उशी शिवते, होईल गोल.”

उशी झाली. सालूने ती लाथा मारमारून पाळण्याबाहेर घालवली. मग मालिशवाली आली आणि दोन्ही तळव्यांत डोकं धरून दाबायला लागली, तसा आल्बर्ट ओरडला, “अहो बाई, माठ आहे का तो?” बाई तेलाची वाटी तिथेच ठेवून निघून गेली. त्यातच कुवेतहून आल्बर्टच्या मोठ्या भावाचा, अँथनीचा फोन आला. परदेशात अशा पोरांना म्हणे हेल्मेट घालतात, महिनोन् महिने.

“हेल्मेट?” लूर्डसने फोन हिसकावून घेतला. “अरे, पोर दूध पितेय अजून, मोटरसायकल नाही चालवत!”

घर हसलं, पण आल्बर्टला हसू येईना. डोकं असंच राहिलं तर आत मेंदू कसा वाढायचा? कापाकापी करावी लागली तर? आणि नाहीच काही झालं, तरी शाळेतली पोरं काय काय नावं ठेवतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? वर्गात त्याने फळ्यावर खडू टेकवला आणि वर्तुळ काढलं, तर ते दुधी भोपळ्यासारखं आलं. टाळी सोडा, कोणी हसलंसुद्धा नाही. ज्युलीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “बस झालं. उद्या डॉक्टरकडे.”

वसई स्टेशनजवळ डॉक्टर मनोरमा सावेंचा लहान मुलांचा दवाखाना होता. सगळे गेले, लूर्डसही गेली. तिला मागे ठेवायची हिंमत कोणात होती? डॉक्टरीणबाईंनी सालूची टाळू चाचपली, कवटीचे सांधे बोटांनी बघितले, मान दोन्हीकडे वळवून पाहिली.

“सांधे उघडे आहेत, मानही मोकळी आहे,” त्या म्हणाल्या. “मेंदूला काही धोका नाही. आता सांगा, पाळण्यात पडल्या पडल्या ही बघते कुठे?”

“अल्ताराकडे!” लूर्डस अभिमानाने म्हणाली. घरात पाळण्याच्या उजव्या हाताच्या भिंतीवर देवांचा लाकडी अल्तार होता, येशूची तसबीर आणि पुढे सदा पेटलेला लाल बल्ब. “दिवसभर देवाकडेच बघते हो. वाडीतल्या बाया येऊन बघून जातात. नन होणार बघा माझी नात.”

“आजी, ती देवाकडे नाही, लाल दिव्याकडे बघते. तोंड सारखं उजवीकडे, म्हणजे भार सारखा त्याच बाजूला. कोवळं हाड आहे, बसणारच. पाळण्यात उशापायथ्याची अदलाबदल करा, म्हणजे दिवा डावीकडे येईल. जागी असताना पालथी घाला, समोर बसून खेळवा. हेल्मेट नको, दाबादाबी तर मुळीच नको.”

आल्बर्टला डॉक्टरीणबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. एवढं सोपं! पण घरी येऊन तो सालूला उलट्या बाजूने पाळण्यात ठेवायला गेला आणि लूर्डस आडवी आली.

“हात लावू नकोस! तसं ठेवलंस तर तिचे पाय दाराकडे होतात.”

“मग?”

“मग काय मग? दाराकडे पाय करून कोणाला ठेवतात? माणूस गेल्यावर ठेवतात! तुझ्या बापाला तसंच ठेवलं होतं याच खोलीत. माझ्या जिवात जीव आहे तोवर या पोरीचे पाय तिकडे होणार नाहीत.”

आल्बर्टने समजावलं, चिडला, शेवटी रडकुंडीला आला. ज्युली सासूला उलट बोलणारी नव्हती, पण त्या दिवशी सालूला छातीशी धरून ती म्हणाली, “आय, मला हिचं डोकं बरं व्हायला हवंय. बाकी काही नको.” आणि तिचे डोळे भरून आले.

लूर्डस अल्तारापुढे जाऊन बसली. तसबिरीशी काहीतरी पुटपुटली. मग पदर खोचून उठली.

“आल्बर्ट, पोरीचे पाय हलायचे नाहीत. देवाला हलव.”

“काय?”

“अल्तार काढ आणि समोरच्या भिंतीवर लाव. त्याला मी सांगितलंय. त्याची काही हरकत नाही.”

सगळ्या वाडीत बोभाटा झाला. लूर्डसने देव हलवला! संध्याकाळी रोझरीला जमलेल्या बाया सवयीने रिकाम्या भिंतीपुढे गुडघे टेकून बसल्या आणि ‘नमो मरिया’ सुरू करून मोकळ्या झाल्या. लूर्डस ओरडली, “अगं बायांनो, तिकडे फक्त चुना आहे, इकडे वळा!” पाळण्यात सालूने मात्र कधीच मान वळवली होती. डावीकडे. आल्बर्ट आनंदाने असा ओरडला की प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली.

डोकं हळूहळू भरत गेलं. सालू रांगायला लागली, तेव्हा ही सगळी वरात पुन्हा दवाखान्यात गेली.

“झकास,” डॉक्टर म्हणाल्या. “किंचित राहील मागे. केसांत दिसणारही नाही.”

“राहील?” आल्बर्टचा चेहरा पडला. “म्हणजे जन्मभर?”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “सर, वाका बघू.” त्यांनी त्याच्या दाट केसांत बोटं घातली आणि हसू दाबत ज्युलीला बोलावलं. “इथे हात लावा. उजवीकडे, मागे.”

ज्युलीने हात लावला. “अगं बाई! हे तर पाट्यासारखं आहे!”

आल्बर्टने घाईघाईने स्वतःचं डोकं चाचपलं. खरंच होतं! इतकी वर्षं हे डोकं घेऊन तो शिकला, नोकरीला लागला, लग्नात सुटाबुटात मिरवला, आणि पत्ता नाही!

“असणारच,” लूर्डस म्हणाली. “तूही तिकडेच टकामका बघायचास. तुझ्या बापाचंही तसंच होतं.”

“मग कधी बोलली नाहीस ते?”

“बोलायचं काय त्यात? माझा पोरगा होतास.”

आल्बर्ट आधी हसला, मग त्याला रडू आलं, मग दोन्ही एकदम. सालूला वाटलं खेळच चाललाय, तीही खिदळायला लागली.

“इतकी वर्षं या डोक्यावरून हात फिरवला,” ज्युली म्हणाली, “मला कसं गं कळलं नाही आय?” आणि तिने हात काही काढला नाही.