सकाळची गोळी

अर्धा रस्ता संपला तरी ताई दुकानांच्या बाजूने चालायला तयार नव्हत्या. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. शिवणकारखान्यात कापड बेततात. दवाखान्यापर्यंत बस आहे, पण त्याच बसने कारखान्यातल्या बायका जातात. म्हणून आमची वरात मागच्या गल्लीने, पायी.

"ताई, माझे पाय बोलायला लागले हो."

"मग त्यांच्याशीच बोल. मला बोलायला लावू नकोस."

फिटचा आजार त्यांना तरुणपणापासून. गेल्या वर्षी गोळी बदलली. फिट थांबली, पण हाताला कंप सुटला, खडूची रेघ वाकडी जायला लागली. ज्यांच्या रेघेवर बाकीच्या डोळे मिटून कात्री चालवायच्या, त्यांना मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, रेघ मारताय की नदी काढताय?" तेव्हापासून बेतायचं काम असलं की ताई सकाळची गोळी गाळायच्या. पाण्याचा पेला मात्र आमच्यासमोर रिकामा करायच्या.

मंगळवारी बेततानाच फिट आली. पडताना टेबलावरचं पांढरं कापड ओढलं गेलं. कुणीतरी कात्री लांब सारली, ताईंना कुशीवर वळवलं. शुद्धीवर आल्या तर अंगावरचे कपडे लघवीने ओले आणि खालचं कापडही. मुकादम दाराकडे तोंड करून उभा होता.

"त्यानं पाठ फिरवली ना, तिथेच मेले मी."

"डॉक्टरांना गोळी गाळल्याचं सांगणार ना?"

ताईंनी चालण्याचा वेग वाढवला.

"अहो, गोळी घेऊनही फिट आली असं समजून ते डोस वाढवतील. मग हात आणखी थरथरेल."

"त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मनाने बंद करायची नाही, त्रास झाला तर येऊन सांगायचं. आता या वयात चोरी कबूल करू?"

"मग कंपाचं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"आधी फिटचं रडगाणं, मग हाताचं. किती वेळा तोंड वेंगाडायचं गं?"

मी मनात देवाचं नाव घेतलं; ओठ हलले असावेत.

"विचार, तुझ्या देवालाच डोस विचार," ताई म्हणाल्या आणि हसल्या. मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

दवाखान्याच्या फाटकाशी थांबून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"मीच सांगते. पण वहिनी, तू आत ये. मी बोलेन तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. पाठ मात्र फिरवू नकोस."