थोरलीच्या नावावर

आई वारली तेव्हा मृत्यूची नोंद मीच करून आलो. सूतगिरणीच्या ओळखपत्रावर जे नाव आणि जी जन्मतारीख होती, तीच फॉर्मवर उतरवली. घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. कागदावरचं ते तिचं खरं नाव, असं मी जन्मभर धरून चाललो होतो.

महिन्याभरानं मावशी दारात उभी राहिली. आईची थोरली बहीण. दोघींत चाळीस वर्षं अबोला होता आणि कारण विचारलं की आई म्हणायची, जुनं उकरू नकोस. मावशीची हयात इस्पितळाच्या धुलाईघरात रोजंदारीवर चादरी धुण्यात गेली. वाफेनं आणि सोड्यानं छाती पार कामातून गेली होती. दोन जिने चढून धाप लागलेली, तरी ती बसली नाही. त्या सकाळी तिला दवाखान्यातून दम्याचं औषध न देताच परत पाठवलं होतं. कार्ड बंद झालंय, या नावाची बाई मयत आहे, असं खिडकीवरच्या माणसानं सांगितलं होतं.

"गेली ती, आणि मारलंस मला," मावशी म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं. थोरली टायफॉइडनं पडलेली, धाकटी चौदा वर्षांची, आणि गिरणीत सोळा पूर्ण लागत. आजीनं थोरलीच्या जन्मदाखल्याची नक्कल धाकटीच्या हातात ठेवली. थोरली बरी होऊन गिरणीच्या दारात गेली, तेव्हा त्या नावाची बाई आत कामाला लागलेली होती. पुढे जिथं म्हणून दाखला मागत, तिथं जायची तिला धास्ती बसली. रोजंदारीला कुणी कागद विचारत नव्हतं.

"खरं बोलले असते तर हिची नोकरी गेली असती. म्हणून गप्प बसले. मग हिच्याशीही बोलवेना."

दुसऱ्याच दिवशी मी नोंदणी कार्यालयात गेलो. नकलांच्या खिडकीवर एक वयस्क कारकून होता. अर्ज त्यानं दोनदा वाचला आणि सांगितलं की नोंद खोडता येत नाही, दुरुस्त होते, पण तिला साहेबांचा हुकूम लागतो. हुकमासाठी दोघी बहिणींच्या जन्मनोंदींच्या प्रमाणित नकला आणि माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं. जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली. चौथ्या दिवशी त्याला आईची नोंद सापडली. त्यानं बोट ठेवलेल्या ओळीवर मी माझ्या आईचं नाव पहिल्यांदा वाचलं.

प्रतिज्ञापत्रापाशी मात्र माझं घोडं अडलं. आई दुसरीच्या नावावर राबली, असं त्यात लिहून द्यायचं होतं. आमचं घर गिरणीचं, आईच्या नोकरीवर मिळालेलं. ते हातचं गेलं असतं. बायको म्हणाली, मावशींना इथंच आणू, औषधं आपण आणू, कागदाचं राहू दे. मला ते पटलं. दोन महिने दोन्ही नकला कपाटात पडून होत्या. दुकानातून आणलेल्या औषधांनी तात्पुरतं भागायचं, पण कार्डाशिवाय तपासायला डॉक्टर नव्हता आणि मावशीचे पाय सुजत चालले.

ती काही मागायची नाही. एका दुपारी कांदा चिरता चिरता एवढंच म्हणाली, "तू तुझ्या आईसारखाच आहेस. वाईट नाहीस."

त्याच आठवड्यात मी प्रतिज्ञापत्र करून दिलं. सुनावणीला मावशीला खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. साहेबांनी विचारलं, बहिणीविरुद्ध तक्रार आहे का? ती म्हणाली, "तक्रार नाही. ती माझ्या नावानं जगली. आता तिचं तिला द्या, माझं मला."

साहेबांनी मान हलवली. हुकूम निघायला तीन-चार आठवडे लागतील, असं कळलं. अठराव्या दिवशी इस्पितळात नेता नेता मावशी गेली.

डॉक्टरांचा दाखला घेऊन मी पुन्हा त्याच खिडकीवर उभा राहिलो. कारकुनानं नाव घातलं, जन्मतारीख घातली आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. ही बाई आधीच वारलेली होती. एकाच माणसाचा मृत्यू दोनदा नोंदवता येत नव्हता आणि नोंदीशिवाय शवागारातून देह मिळत नव्हता. तीन दिवस मावशी तिथंच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी कारकून खिडकी बंद करून स्वतः फाईल घेऊन वर गेला आणि हुकमावर सही घेऊनच खाली आला.

आईच्या नोंदीच्या समासात त्यानं दुरुस्ती लिहिली, खाली मावशीची नवी नोंद केली. दोन्ही नकलांवर शिक्के मारून विचारलं, किती प्रती हव्यात.

"एकेक पुरे," मी म्हटलं.

महिनाअखेर आम्ही घर सोडलं. बायकोनं सामान बांधलं, एका शब्दानं कुरकुर केली नाही. त्या दोन महिन्यांविषयी ती बोलत नाही आणि मीही विषय काढत नाही.