ड्रिल अजून एकदा दुरुस्त केलं

मागच्या बुधवारी सकाळी आमच्या ड्रिलमधून ठिणग्या उडाल्या आणि जळका वास सुटला. भवानी पेठेत आमचं सुतारकामाचं दुकान आहे. मी आणि थोरला भाऊ, दोघंच... विणकरांसाठी हातमागाच्या चौकटी करतो.

पेठेत वीज आली, त्याच वर्षी दादानं हे विजेचं ड्रिल हौसेनं मुंबईहून मागवलं. गिरमिटानं एक भोक पडायचं, तेवढ्यात यानं दहा पडायची. पण शेवटी मशीनच ते... दोनदा दुरुस्त करून झालं होतं.

शिवप्पा मिस्त्रींनी ते उघडलं. आतली वायर जळून काळी पडली होती. "करून देतो, पण भरवसा देत न्हाय. लई जुनं झालंय की. नवंच घ्या," म्हणाले.

दादा लगेच तयार झाला. नको म्हणालो तो मी.

नवं यायला महिना तरी लागला असता आणि नरसय्या विणकरांच्या चार मागांच्या चौकटी आमच्याकडे अडल्या होत्या. त्यांचं सगळं घर मागावर चालतं. "एवढं काम होऊ दे, मग बघू," मी म्हणालो. दादानं अडलेल्या चौकटींकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, तू म्हणतोस तर."

शनिवारी ड्रिल परत आलं. झकास चाललं, दोन चौकटी झाल्यासुद्धा. उगाच नवं घेत होतास, असं मी दादाला ऐकवलंही...

सोमवारी दुपारी उकाडा फार होता. दादाचे हात घामानं ओले होते. बोलता बोलता तो एकदम थांबला म्हणून मी वळून पाहिलं, तर हात मशीनला चिकटलेला, तोंड उघडं, आवाज नाही. स्विच चार पावलांवर होता... ती चार पावलं मी अजून चालतोच आहे.

जीव वाचला. पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं आता वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. लाकडावरून नुसती ती बोटं फिरवून दादा आतली ओल सांगायचा.

नरसय्या घरी भेटायला आले. सगळं ऐकून म्हणाले, "मी थांबलो असतो की. एकदा विचारायचं तरी."

मी विचारलंच नव्हतं.

दादानं मला अजून एका शब्दानं दोष दिलेला नाही. काल त्याला भात भरवत होतो, तर म्हणाला, "मुंबईला पत्र टाकलंस का?"

"टाकलं."

"नवं लई जड नसंल न्हवं? डाव्या हातानं पेलाया पायजे."

मी भात कालवत राहिलो...

दादा आहे, बोलतोय, एवढ्यासाठी देवाचे आभार मानतो. त्याच्या उजव्या बाजूला बसायचं मात्र अजून धाडस होत नाही.