थोरल्या इंजनेराची पेटी

निमगाव केतकीत तेव्हा इंजनेर दोन होते. पिठाच्या गिरणीचं तेलावरचं इंजिन चालवणारा म्हस्कू हा धाकटा, आणि बारा वर्षं पलटणीत वायरलेसची यंत्रं सांभाळून १९५३ साली गावी परतलेला सर्जेराव हा थोरला. वयानं म्हस्कूच मोठा. पण त्याच्या कामाचं पीठ सगळ्यांना दिसे. सर्जेरावाचं काम कुणालाच दिसत नसे, म्हणून मान त्याला जास्त.

गावात वीज अजून यायची होती. चावडीतला रेडिओ कोरड्या बॅटऱ्यांवर चाले आणि त्या संपल्या की महिना महिना मुका बसे. सर्जेरावानं तोड काढली. मोटारीची बॅटरी म्हस्कूच्या इंजिनावर भरून आणायची, आणि तिचे सहा व्होल्ट रेडिओला पुरतील इतके वाढवणारी पेटी आपण घडवायची.

सरपंच आबासाहेबांनी आराखडा उलटासुलटा धरून पाहिला आणि एकच दुरुस्ती सुचवली. "पेटी लाकडाची करा, सर्जेराव. चावडीत पत्र्याचं डबडं शोभतंय व्हय?"

पलटणीत असल्या पेट्या पत्र्यातच बंद असत. ते मार लागू नये म्हणून असावं, अशी सर्जेरावानं स्वतःची समजूत घातली आणि सागवान तासायला दिलं.

पेटी देखणी झाली. फक्त ती चालू केली, की आतली पोलादी पाती थरथरू लागे आणि रेडिओत कढईभर मोहरी तडतडे. चावडीतला रेडिओ घरच्या ओसरीवर आणून सर्जेरावानं पंधरा दिवस तारा बदलल्या, कथिलाचे डाक दिले, काढले. मोहरी काही संपेना. शेवटी आबासाहेबांनी निरोप धाडला : दसऱ्याच्या सकाळी रेडिओ नीट बोलला तर पेटी चावडीची, नाहीतर पुण्याहून तयार मागवू.

म्हणजे हातात एकच दिवस, खंडेनवमीचा. सर्जेराव पहाटेच उठला, तर त्याची हत्यारं जागेवर नव्हती. ओसरीवर धोंडाबाईनं कोयता, खुरपं, पकड, पेचकस असं सगळं पाटावर मांडलं होतं. शेजारी ताज्या सारवणावर पेटी. तिच्यावर हळदकुंकू, झेंडू आणि मूठभर अक्षता.

"आये, पकड दे."

"आज औजाराला हात लावायचा न्हाय. वरीसभर राबत्यात ती."

"उद्या आबासाहेब येणार हायत!"

"येऊ देत की. त्यांचा नांगरबी आज निजलाय."

"बरं, पेटी तरी दे. ती काय औजार न्हाय."

"मग काय हाय?"

सर्जेरावानं तोंड उघडलं. पलटणीत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "ती... वीज वाढवती."

"म्हंजी राबतीच की," म्हणून धोंडाबाई भाकरी थापायला गेली.

दुपारी कोंबड्या अक्षता टिपायला पेटीवर चढल्या. धोंडाबाईनं त्या हाकलल्या आणि तोंड कापलेला घासलेटचा रिकामा डबा पेटीवर उपडा घातला. तारा तेवढ्या खालून बाहेर राहिल्या. सर्जेराव संध्याकाळपर्यंत खांबाला टेकून त्या डब्याकडे बघत बसला. पलटणीतून आल्यापासून तो इतका वेळ रिकामा कधी बसला नव्हता.

दसऱ्याला आबासाहेब फेटा बांधून, धाकट्या इंजनेराला घेऊन हजर. धोंडाबाई अजून धारेला बसलेली.

"डबा काढा की," आबासाहेब म्हणाले.

"माझी पूजा उतरल्याबिगर न्हाय!" गोठ्यातून आवाज आला.

"मग तसंच लावा, सर्जेराव. तडतडायचं ते डब्यातबी तडतडंल."

म्हस्कू तोंडावर हात धरून हसला. सर्जेरावानं बाहेरच्या तारा बॅटरीला जोडल्या. डब्याखाली पाती गुणगुणली. रेडिओ गरम झाला आणि पुण्याहून सनई आली; स्वच्छ, नुकत्या धुतलेल्या भांड्यासारखी.

सर्जेरावानं डबा बोटभर उचलला : मोहरी. डब्याखाली ओल्याच राहिलेल्या सारवणावर पुन्हा टेकवला : सनई. पंधरा दिवस तारांत शोधलेला दोष सागवानात होता. पातीच्या ठिणग्यांची तडतड लाकडातून सरळ रेडिओत शिरत होती. पत्र्यानं ती अडवली आणि जमिनीत जिरवली.

"दुरुस्त कुणी केलं म्हणायचं?" म्हस्कूनं विचारलं.

"कोंबड्यांनी," धोंडाबाई चरवी घेऊन येत म्हणाली. "आता माझा डबा द्या."

"डबा चावडीत जाणार, मावशी," आबासाहेब घाईनं म्हणाले. "लई शोभतुया."

सर्जेरावानं आजच पत्र्याची नवी पेटी सुरू करतो म्हणून सांगितलं. मग पाटाजवळ जाऊन तो उभा राहिला, पकडीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"आये," तो म्हणाला, "आता उचलू का?"